भूकंपाचा डिजिटल तास

आधी चहा घ्या, निवतोय. आणि एक अट आहे. ऐकताना मधेच 'असं कसं केलंत हो सर?' म्हणून विचारायचं नाही. कसं केलं ते मलाही अजून कळलेलं नाही. लातूरच्या भर वस्तीत, भर दुपारी, एका शिकलेल्या माणसाने स्वतःची जी फजिती करून घेतली तिची ही गोष्ट आहे. आणि तो माणूस तुमच्यासमोर बसून बशीत चहा ओततोय.

तेव्हा मी 'तंत्रस्नेही शिक्षक' होतो.

हसू नका! पदवी होती ती. कुणी दिली? कुणीच नाही, माझी मीच घेतली होती. तो काळच तसा होता. ज्या मास्तराला मोबाईलवर मराठी टाईप करता येई तो तंत्रस्नेही, आणि ज्याचा स्वतःचा ब्लॉग असे तो तर जवळजवळ शास्त्रज्ञ. प्रशिक्षणाला गेलं की पहिला प्रश्न, 'सर, ब्लॉग आहे का?' नसला तर समोरचा असा बघायचा की जणू तुम्ही बिनचपलेचे आलात.

तुम्ही ते ब्लॉग पाहिलेत का कधी? उघडला की आधी गुलाबाचं फूल गरगर फिरायचं. मग 'आपले सहर्ष स्वागत आहे' अशी पट्टी एका कडेहून दुसऱ्या कडेला पळायची. कोपऱ्यात तुम्ही कितवे वाचक ते सांगणारा आकडा. आणि आत काय? परिपत्रकं, पाढे, सुविचार, दिनविशेष. सगळ्यांच्या ब्लॉगवर तेच! नांदेडचा मास्तर लातूरच्या मास्तराचं उचलायचा, लातूरचा परभणीच्या बाईंचं, आणि त्या बाईंनी कुठून उचललं होतं ते त्यांनाच ठाऊक. मुळात तो मजकूर कुणी लिहिला होता, याची चौकशी कुणी केली नाही. करणार कोण? सगळेच त्यातले.

मी या सगळ्यांना मनापासून नावं ठेवायचो. आणि माझा ब्लॉग कसा होता म्हणता? माझ्या ब्लॉगवर दोन गुलाब होते.

तर मी मूळचा बिलोलीचा. नोकरी लागली लातूरला, एका खासगी अनुदानित शाळेत, विज्ञान शिकवायला. शाळा जुनी, दोन मजली, आणि गल्लीत आमच्या नाकासमोर तीन कोचिंग क्लास. त्या क्लासवाल्यांचा थाट काय वर्णावा! आमच्या फाटकापेक्षा त्यांचे फ्लेक्स मोठे. फ्लेक्सवर गुणवंतांचे फोटो. एक गोंडस चेहऱ्याची मुलगी तर तिन्ही क्लासच्या फ्लेक्सवर होती. तिला घडवलं म्हणे तिघांनीही. आणि ती शिकली कुठं? आमच्या शाळेत! आमचा फ्लेक्स नव्हता, म्हणून आम्ही तिला घडवलेलं नव्हतं, एवढंच.

पोरं शाळेत यायची ती हजेरीपुरती. पालक तोंडावर म्हणायचे, "सर, शाळेत हजेरी लावा, अभ्यास तिकडं होतो."

आमच्या शाळेचा वरचा हॉल मात्र झकास होता. उजेड, वारा, सत्तर पोरं बसतील एवढी जागा. मी मागे लागून तिथं प्रोजेक्टर बसवून घेतला, पडदा लावला, दारावर 'डिजिटल हॉल' अशी पाटी ठोकली. आणि नेमका त्याच हॉलवर एका क्लासवाल्याचा डोळा होता. संस्थेतल्या लोकांना तो रोज भेटायचा.

आमच्या मुख्याध्यापिका देशमुख मॅडम. बाई सरळ होत्या. त्यांनी मला बोलावलं आणि सांगितलं, "हणमंते सर, माझ्या मागं संस्थावाले लागलेत. शनिवारी नववीच्या पालकांना बोलवा, तुमचं ते डिजिटल काय असंल ते दाखवा. पालकांनी म्हटलं पाहिजे की लेकरं शाळेत शिकायलेत. म्हटले तर हॉल आपला. न्हाई तर सोमवारपासून तिथं क्लास बसणार."

"मॅडम, बघत राहा तुम्ही," मी म्हणालो.

बघत राहायला त्यांना भरपूर मिळालं पुढे.

विषय मी निवडला भूकंप. का? लातुरात दुसरा कोणता विषय इतका आत जाऊन बसलाय, सांगा! इथं ट्रक जोरात गेला तरी माणसं दारात येऊन उभी राहतात. मला त्याचं हसू यायचं. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी पोरसवदा होतो, बिलोलीला. आमच्याकडे पत्र्याची पेटी वाजली, आईने मांजर समजून 'हुश्श' केलं आणि आम्ही परत झोपलो. त्यामुळे भूकंप म्हणजे काय ते मला चांगलं माहीत आहे, अशी माझी पक्की समजूत होती.

भूगोल खरं तर बिराजदार सर शिकवायचे. निवृत्तीला आलेले, धोतर-सदऱ्यातून नुकतेच पँटीत आल्यासारखे दिसणारे, खडूने बोटं पांढरी. औशाकडच्या एका गावचे. त्या भूकंपात त्यांचं घर गेलं होतं, घरातली माणसंही गेली होती, असं शाळेत सगळे म्हणायचे. ते स्वतः कधी बोलले नाहीत. भूकंपाचा धडा ते फळ्यावर एक गोल काढून, त्याला कांद्यासारखे पदर काढून शिकवायचे. मी स्टाफरूममध्ये म्हणायचो, "बिराजदार सरांचा भूकंप म्हणजे कांदा!" लोक हसायचे. सरही हसायचे.

तर मी त्यांचा धडा मागून घेतला. वर पुन्हा म्हणालो, "सर, तुम्ही पण या शनिवारी. मागं बसा, बघा नवीन तंत्र कसं असतं ते."

"येतो की," ते म्हणाले.

माझ्याकडे एक अॅप होतं. फोन टेबलावर ठेवला की जरा जरी हादरा बसला तरी स्क्रीनवर रेषा उडायच्या. लाल, हिरवी, निळी. बाजूला आकडा. मी एक वायर आणून ते सगळं प्रोजेक्टरवर मोठं करून दाखवायची सोय केली. आदल्या दिवशी ब्लॉगवर 'भूकंप आला तर काय करावे' अशी पोस्टही टाकली, आणि वर्गाला सांगितलं, "उद्या वाचून यायचं. प्रत्येकाने!" तयारीत काही कसर नव्हती.

शनिवारी हॉल भरला. पुढे नववीची पोरं. मागे भिंतीला लागून दहा-बारा पालक, देशमुख मॅडम, बिराजदार सर. आणि तो क्लासवालाही आला होता, बोलावलं नसताना. हातात काय होतं माहीत आहे? मोजमापाची टेप! तास सुरू असताना तो हळूच खिडकीपासून दारापर्यंत अंतर मोजत होता. मला असा संताप आला म्हणता!

मी सुरुवात केली. फोन टेबलावर ठेवला. पडद्यावर तीन रेषा, एकदम सरळ, शांत. मी टेबलावर टिचकी मारली. रेषा टुणकन उडाल्या. पोरं 'ओहोऽऽ' करून ओरडली. मी पाय आपटला. पुन्हा उडाल्या. एक पालक दुसऱ्याला म्हणाला, "भारीच हाय की हे!"

मग मला जोर चढला. मॅडमकडे एक नजर टाकली, क्लासवाल्याकडे एक, आणि मी भाषण ठोकलं.

"आपल्या लातूरकरांची एक वाईट सवय आहे. जरा काही हललं की पळत सुटायचं! का? अज्ञान! विज्ञान शिकलेला माणूस पळत नाही. तो आधी यंत्राकडे बघतो. यंत्र काय सांगतं ते वाचतो. घाबरतो कोण? ज्याच्याकडे यंत्र नाही तो!"

आणि तेवढ्यात रेषा थरथरल्या.

मी टेबलाला हात लावला नव्हता. पाय आपटला नव्हता. कुणीच काही केलं नव्हतं. मी बोलायचा थांबलो. लाल रेष थरथरली, मग हिरवी, आणि मग तिन्ही एकदम अशा नाचायला लागल्या की पडदा भरून गेला. टेबलावरचा स्टीलचा पेला वाजायला लागला. खिडक्यांच्या काचा खडखडल्या. फरशीतून पायात झिणझिण्या यायला लागल्या.

मी यंत्राकडे बघितलं. यंत्र काय सांगतं ते वाचलं. यंत्र म्हणालं, पळ!

आणि मी पळालो.

मित्रहो, पळालो म्हणजे कसा? 'सगळ्यांनी रांगेत चला' असं काही म्हणालो का? नाही. पोरांकडे बघितलं का? नाही. मी बघितलं फक्त फोनकडे. फोन उचलला, वायर तोडली आणि दाराबाहेर. समोर माझा सगळा वर्ग बसलेला, आणि हा तंत्रस्नेही शिक्षक वाचवतोय काय, तर फोन!

जिना उतरताना मी हातातल्या फोनवर नजर टाकली. आकडा वाढला होता! खालच्या वळणावर पुन्हा बघितलं. अजून वाढला! मी दोन-दोन पायऱ्या गाळत सुटलो, तर रेषा स्क्रीनमध्ये मावेनात. मी जितका जोरात पळत होतो तितका भूकंप वाढत होता. आता तुम्हाला कळलं असेल की हलत काय होतं. पहिलीतल्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं. मला वाटलं, भूकंप माझ्या मागे लागलाय.

फाटकाजवळ आमचे शिपाई रसूलभाई स्टुलावर निवांत बसले होते.

"रसूलभाई, भूकंप! घंटा द्या, घंटा!"

"कुठं हाय भूकंप?"

"अहो इथं! पायाखाली!"

"मला तर काय कळंना."

"तुम्हाला नाही कळणार! यंत्राला कळतं ते! आठच्या वर गेलाय, आठच्या!"

मी फोन त्यांच्या नाकासमोर धरला. माझा हात लटलट कापत होता, त्यामुळे स्क्रीनवर अजूनही नुसता प्रलय चालू होता. रसूलभाईंनी एकदा स्क्रीनकडे बघितलं, एकदा माझ्या तोंडाकडे बघितलं. 'सर शिकलेले हैत' असा विचार करून त्यांनी घंटेवर जो टोला मारला, तो मारतच राहिले.

मग काय विचारता! खालचे सगळे वर्ग मैदानात. हॉलमधले पालक जिन्यावरून धडाधड खाली. त्यांच्यात तो क्लासवाला, आणि त्याच्या मागे ती टेप जिन्यावरून लांबच लांब घरंगळत येतेय. त्याने येताच आपल्या क्लासकडे बघून हाळी दिली, की तिन्ही क्लासची पोरं रस्त्यावर. वह्या, चपला, सगळं आत टाकून. रिक्षा थांबल्या, मोटारसायकली थांबल्या. समोरच्या बाईने गॅस बंद करून सासूला हाताला धरून बाहेर आणलं. म्हातारी थरथरत होती, तिला कुणीतरी खुर्ची दिली.

आणि मधोमध कोण? मी! सगळे मलाच विचारायलेत.

"सर, किती रिश्टर?"

"आठच्या वर!"

"केंद्र कुठं हाय?"

"इथंच कुठंतरी! जवळच!"

खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला बरं वाटत होतं. सगळी गल्ली माझ्या तोंडाकडे बघत होती. क्लासवालासुद्धा! मी तिथल्या तिथं, फाटकाला टेकून, ब्लॉगवर बातमी टाकली. 'लातूर पुन्हा हादरले! तीव्रता आठच्या वर. यंत्राद्वारे प्रत्यक्ष मोजणी.' आणि ती चार-पाच ग्रुपवर ढकलून दिली.

पाच मिनिटांत सासऱ्यांचा फोन, बिलोलीहून.

"पाहुणे, नीट हाव ना? लेकीला फोन लावला, ती म्हणली घरी काय बी हाललं न्हाई."

"घरी नसेल हललं मामा, इथं आठच्या वर आहे."

"हाव हाव, आठच म्हणायलेत हितं बी."

"काय? बिलोलीलाही कळलं?"

"सगळीकडं झालंय की! मोबाईलवर आलंय."

मी फोन छातीशी धरला आणि गल्लीला ओरडून सांगितलं, "बिलोलीहून दुजोरा मिळाला! आठच!" गल्लीतून हुंकार उठला. म्हातारीने कपाळाला हात लावला. मग मी परत फोन कानाला लावून विचारलं, "मामा, बातमी दिलीय कुणी? सरकारी आहे का?"

"आता सरकारी हाय का काय की. नाव काय दिसंना. वर दोन गुलाब फिरायलेत बगा."

मी फोन ठेवून दिला.

पण खरा दणका त्यानंतर बसला. देशमुख मॅडम गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आल्या. त्या मैदानात सगळे वर्ग मोजून आल्या होत्या.

"सर, नववी कुठाय?"

"अं?"

"तुमचा वर्ग, सर. लेकरं कुठायत तुमची?"

मी मैदानाकडे बघितलं. पाचवी होती, सहावी होती, सातवी, आठवी, दहावी, सगळे होते. नववी नव्हती. एकही पोर नव्हतं! जिन्यावरून पालक उतरले होते, क्लासवाला उतरला होता, टेप उतरली होती. पोरं वरच.

आता इथं मी गंमत करणार नाही. ती पोरं माझ्या भरवशावर आईबापांनी पाठवलेली. आणि मी त्यांना तिथं टाकून खाली उभा राहून रिश्टर वाटत होतो. मला स्वतःची किळस आली. मी वळलो आणि जिन्याकडे धावलो. मागोमाग पालक, मॅडम आणि तो क्लासवालाही. एक आई तर मोठमोठ्याने लेकीचं नाव घेत होती.

वर हॉलच्या दारात बिराजदार सर खुर्ची टाकून बसले होते. पायावर पाय. मला बघून म्हणाले, "सावकाश या, सर. पाय घसरंल."

"सर, पोरं? भूकंप..."

"दालमिल हाय ती."

"काय?"

"भिंतीपल्याडची दालमिल. भाऊ भाऊ भांडले म्हणून वरीसभर बंद होती. आज मुहूर्त केला त्यांनी. मोठी चाळणी चालू केली की हालतंय सगळं. कालच वही फिरवली की मॅडमनी, 'घाबरू नये' म्हणून; घंटा झाली तशी त्या बी विसरल्या. सही हाय तुमची."

सही होती. माझीच होती. शाळेत सूचना वही फिरते, शिपाई समोर धरतो आणि आपण सही ठोकतो. वाचतो कोण? कागदावरच्या सूचना वाचणं म्हणजे माझ्या दृष्टीने मागासलेपणा! ब्लॉगच्या जमान्यात वही कशाला, असं मी स्वतः मॅडमना ऐकवलं होतं.

"पण सर," मी धापा टाकत विचारलं, "तुम्ही उठलात कसे नाही? तुम्हाला कसं कळलं, की हा भूकंप नाही?"

बिराजदार सरांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला.

"मी भूकंप बघितलाय, सर. त्याच्या आधी कुणी नारळ फोडत न्हाई."

ते हसले नाहीत. मीही नाही. नारळ फोडल्याचा आवाज भिंतीपलीकडून येऊन गेला होता म्हणे, मी माझ्या भाषणात होतो. त्या माणसाच्या धड्याला मी कांदा म्हणायचो.

"आणि पोरं?"

"ती तिथं हैत. मी सांगितलं बाहेर या म्हणून, येईनात. तुमचंच ऐकतो म्हणायलेत."

आत बघितलं तर हॉल रिकामा. म्हणजे वरून रिकामा. प्रत्येक बाकाखाली दोन-दोन डोकी! हाताने मान झाकलेली, कुणी हलत नाही, कुणी बोलत नाही. खिडकीजवळच्या बाकांवरची पोरं उठून भिंतीकडच्या बाकांखाली गेली होती. असा शिस्तीचा वर्ग मी आयुष्यात बघितला नव्हता, माझा तर नव्हताच.

"या रे बाहेर," मी म्हणालो.

बाकाखालून एक आवाज आला, "सर, सूचना हाय का ही?"

"हो, सूचना आहे."

मग सगळी एकापाठोपाठ, रांगेने बाहेर आली.

पालक थक्क! मघाची ती आई लेकीला कवटाळून रडली आणि मग तिला विचारलं, "कुणी शिकवलं गं हे तुमाला?"

"ब्लॉगवर हाय. सरांनी वाचून यायला सांगितलं होतं," पोरगी म्हणाली.

काय सांगू! एका क्षणात हवा बदलली. एका पालकाने टाळ्या वाजवल्या. दुसरे म्हणाले, "क्लासची पोरं बगा, चपला टाकून पळाली. आणि आपली लेकरं बगा!" क्लासवाला टेप गुंडाळत होता. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू आलं. मला वाटलं, वाचलो! हॉल वाचला, अब्रू वाचली.

पण एस.टी.मध्ये कंडक्टर असलेले एक पालक होते, गंभीर प्रकृतीचे. त्यांनी खिशातून फोन काढला. "बगू तरी काय लिवलंय," म्हणाले आणि ब्लॉग उघडून मोठ्याने वाचायला लागले, अगदी पुढच्या थांब्याचं नाव पुकारावं तसं.

"एक. घाबरू नये. दोन. पळू नये. तीन. बाकाखाली बसून मान झाकावी. चार. शिक्षकांची सूचना मिळेपर्यंत बाहेर येऊ नये. पाच. खिडकीपासून लांब राहावे. सहा." इथं ते थांबले. माझ्याकडे बघितलं. मग पुढचं हळू वाचलं. "सहा. सर्व विद्यार्थी सुरक्षित बाहेर पडल्याशिवाय शिक्षकाने वर्ग सोडू नये."

भिंतीपलीकडे चाळणी तेवढी खडखडत होती.

"सर," कंडक्टर म्हणाले, "हे तुमीच लिवलं न्हवं?"

आता सांगा, काय उत्तर द्यायचं? 'हो, मीच लिहिलं' म्हणावं, तर स्वतः लिहिलेला नियम मोडून पळालेला भित्रा. 'नाही' म्हणावं, तर दुसऱ्याचं उचलून आपल्या नावावर लावणारा चोर. सगळे माझ्याकडे बघत होते. पोरंही. मी दोन्ही पर्याय तोलून बघितले, आणि चोर बरा वाटला.

"नाही," मी म्हणालो. "कॉपी केलंय. मी ते... मी ते वाचलं नव्हतं."

"हाव," कंडक्टर अजून फोनमध्येच बघत होते, "खाली लिवलंच हाय की. कुण्या बाईचं नाव हाय. आन् 'कृपया कॉपी करू नये' असं बी हाय."

ते पण मी कॉपी केलं होतं!

आधी मॅडम हसल्या. मग पालक हसले, मग पोरं. शेवटी बिराजदार सरही हसले, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, त्यांच्या हसण्याने मला सगळ्यात बरं वाटलं. माझ्यावर हसायचा हक्क त्या हॉलमध्ये सगळ्यात जास्त त्यांचाच होता.

निकाल तिथंच लागला. पालक म्हणाले, लेकरं शाळेत शिकायलेत हे आम्ही डोळ्यांनी बघितलं, हॉल कुणालाही द्यायचा नाही. क्लासवाला टेप खिशात घालून उतरून गेला. मॅडम म्हणाल्या, "हॉल राहील डिजिटल. भूकंपाचा तास मात्र बिराजदार सर घेतील. हणमंते सर, तुम्ही पण या. मागं बसा."

मी मान डोलावली. ती बातमी ब्लॉगवरून काढून टाकली. ग्रुपवरून ती कशी काढणार, ती तोवर कुठल्या कुठं पोचली होती. मग खाली जाऊन त्या खुर्चीतल्या म्हातारीची माफी मागितली. ती म्हणाली, "लेकरा, तूच लई भ्यालेला दिसायलास, पाणी पी."

पाणी पिऊन वर आलो तेव्हा पालक गेले होते. पोरं दप्तरं आवरत होती. पहिल्या बाकावर बसायची ती शिवकन्या. अक्षर सुंदर, बोलणं कमी. ती घुटमळत होती, म्हणून मीच विचारलं, "काय गं?"

"सर, तुम्हाला आमच्या बाकाखाली जागा ठेवली होती."

"मला?"

"हाव सर. तुम्ही पळालाव तेव्हा आम्हाला वाटलं, बाहेर कुणाला तरी सांगायला गेलाव, आता येतालच. म्हणून मी आणि मनीषा सरकून बसलो."

एवढीशी पोर! मी तिला टाकून पळालो, आणि ही अंग चोरून माझ्यासाठी जागा धरून बसली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "किती वेळ ठेवलीस गं जागा?"

"लई वेळ न्हाई सर," ती खरं बोलणारी मुलगी होती, "खिडकीतून तुमचा आवाज आला, 'आठच्या वर' म्हणून. मग कळलं तुम्ही काय येत न्हाईत. तर तिथं आम्ही दप्तरं ठेवली. ती वाचवायची होती ना, सर."